नॅन्सीचं भिरभिरं

केडगाव
१४ जुलै २०२४

प्रिय रंगनाथ,

सलाम.

तुमच्या गावच्या भिमाजीच्या टेम्पोतून एक खोकं पाठवतो आहे. बुटाचं खोकं आहे, पण आत बूट नाहीत. तुला पुढचे तीन महिने बुटांचा उपयोगही नाही. आत एक झाड आहे. आधी हसून घे, मग पुढचं वाच.

तुझं मागचं पत्र वाचून मला राहवेना. बागेत पाय घसरून पडलास, खुब्यात रॉड बसला, एवढं माणूस सोसतो. पण "खिडकीतून नुसतं अंगण दिसतं, लिंबाची बाग दिसत नाही, दानी, मी वेडा होईन" हे वाक्य मी तीनदा वाचलं. तुझी बाग खिडकीत आणून ठेवणं मला जमणार नाही. एक झाड जमेल.

याला आफ्रिकन व्हायोलेट म्हणतात आणि त्यातलीही ही बुटकी जात. पानांचा घेर १२० मिलिमीटर, कुंडी ५० मिलिमीटर. व्हर्निअरने मोजलंय. चाळीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला अंदाजाने बोलता येत नाही. आमच्या नॅन्सीच्या खिडकीत अशी अकरा झाडं आहेत. ती गेली तेव्हा मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. दोन वर्षं तिची वही वाचून शिकलो, आणि गेल्या रविवारी पहिल्यांदाच अकराच्या अकरा झाडांची कुंडी एकट्याने बदलली. फुलं-कळ्या आधी खुडल्या, मुळांचा खालचा गड्डा कापला, झाड जरा खाली बसवलं आणि वर नवी माती भरली. सगळ्या कुंड्या एका घमेल्यात सोड्याने घासून अशा लखलखीत केल्या की नॅन्सीने पाहिलं असतं तर चहा तरी नक्की दिला असता. त्यातलंच एक साधं, निळ्या फुलाचं झाड तुला पाठवतो आहे.

आता नियम. कुंडीच्या बुडातून जुन्या स्वेटरच्या लोकरीचा धागा लोंबतोय, ती त्याची वात. खाली दह्याच्या डब्यात पाणी ठेव आणि वात त्यात बुडू दे. झाड आपलं आपण पितं. वरून पाणी घालायचं नाही, पानं लवदार आहेत, डागाळतात. ऊन थेट नको. खत नको. तू तुझी अक्कलही जरा बाजूला ठेवलीस तर बरं.

फोन करू नकोस. यंत्रांनी माझे कान खाल्ले आहेत. तू ओरडतोस, मला ऐकू येत नाही आणि आक्कावहिनी घाबरतात. बोर्डिंगातून सुट्टीत घरी गेलो की आपण पत्रं लिहायचो, तसंच लिही.

तुझा,
दानीएल


मिरजगाव
२८ जुलै २०२४

दानी, रामराम.

खोकं पोचलं. उघडलं तेव्हा आधी वाटलं, झाड वाटेत कुठंतरी पडलं आणि आमच्यापर्यंत नुसती वाटी आली. मग चष्मा लावला.

आक्काने बघितलं आणि म्हणाली, "आवं, ह्ये काय मुंगीच्या लग्नात आहेर द्यायचा हाय का?" आमची सून स्नेहल हसून हसून भिंतीला टेकली. मी त्यांच्याबरोबर हसलो, नाही म्हणत नाही. ज्याच्या बागेत सव्वातीनशे लिंबं उभी आहेत त्याला तू वाटीत मावणारं झाड पाठवतोस, आणि वर त्याला अक्कल बाजूला ठेवायला सांगतोस.

पण खरं सांगू का, दोन आठवडे झाले, सकाळी डोळा उघडला की मी आधी खिडकीकडे बघतो. आलं तेव्हा सोळा पानं होती. परवा मधोमध मोहरीएवढं सतरावं दिसलं. मी स्नेहलला हाक मारली, ती हातातलं पीठ तसंच घेऊन पळत आली, तिला वाटलं मी पडलो. आता ती माझ्या हाकेला येत नाही, पण मोजायला रोज येते. अंगणापलीकडं बाग आहे याची मला आठवणही कमी होते. लेका, तू औषध पाठवलंस.

फक्त एक गोष्ट पटत नाही. पन्नास मिलिमीटर. लिंबाचं कलम लावताना मी हाताने दोन फुटी खड्डा घेतो, तळाला पालापाचोळा, वर शेणखत, भोवती आळं. रोपाला जागा दिली की ते हात-पाय पसरतं, हे मला बापाने शिकवलं. आणि हे बिचारं तुझ्या त्या वाटीत उकिडवं बसलेलं. तुमचा कारखान्यातला हात मातीला कंजूषच. म्हणून मी त्याला जरा मोकळी जागा करून दिली आहे आणि पोटभर खायलाही घातलंय. आता बघ कसं उठतं ते.

तुझा,
रंगनाथ


केडगाव
११ ऑगस्ट २०२४

प्रिय रंगनाथ,

मोकळी जागा म्हणजे तू तीन इंची कुंडी केली असशील. माझी हरकत आहे, पण तुझ्या बापाचं नाव मध्ये आलं म्हणून गप्प बसतो. शिवाय आज मला कुणाशीच भांडायचं नाही.

हन्नाला मुलगी झाली. बेंगळुरूहून तिने फोटो पाठवला, शेजाऱ्यांनी छापून आणून दिला आणि मी तो खिशात घालून हिंडतो आहे. भाजीवाल्याने दोनदा पाहिला. मुलीचं नाव नॅन्सी. जावई नोहाला जानेवारीच्या शेवटी रजा मिळते, तेव्हा ते इकडे येतील आणि २ फेब्रुवारीच्या रविवारी आपल्या नगरच्या चर्चमध्ये तिचा बाप्तिस्मा.

आता तुला एक गोष्ट सांगतो, कारण तू हल्ली व्हायोलेटचा जाणकार झाला आहेस. माझ्या खिडकीतलं एक झाड बाकीच्यांसारखं नाही. नॅन्सी निवृत्त झाली त्या दिवशी दवाखान्याच्या मेट्रनबाईंनी दिलेलं हे झाड. त्याच्या फुलाची पाकळी पांढरी आणि प्रत्येक पाकळीच्या मधोमध एक जांभळा पट्टा. फूल उमललं की जत्रेतल्या कागदी भिरभिऱ्यासारखं दिसतं, म्हणून नॅन्सी त्याला भिरभिरंच म्हणायची. गंमत अशी, की त्याचं पान लावून नवं झाड केलं तर पट्टे येत नाहीत. तिने किती वर्षं पानं लावली, सगळी पोरं साधी निळी निघाली. बाकीची दहा झाडं म्हणजे तीच पोरं. पट्टे राहतात ते फक्त मूळ झाडाच्या शेंड्यात. म्हणून भिरभिरं एकच. ओळखू यावं म्हणून तिने त्याच्या कुंडीला नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. फुलं नसली की सगळी पानं सारखीच दिसतात.

आई गेल्यावर हन्नाने काही मागितलं नाही. साडी नाही, बांगडी नाही. आता एकच मागितलं: बाप्तिस्म्याच्या दिवशी आईचं भिरभिरं फुललेलं टेबलावर असावं. म्हणाली, पप्पा, बाळाला आईच्या हातचं एवढं तरी दिसू दे. मी हो म्हटलं. रोज सकाळी लाल ठिपक्याची कुंडी पाव फेरी फिरवतो, म्हणजे उजेड सगळीकडून सारखा मिळतो. फेब्रुवारीपर्यंत दोन बहर सहज येतील.

तुझ्या निळ्याची खबर दे.

दानीएल


मिरजगाव
१० सप्टेंबर २०२४

दानी,

नात झाली, अभिनंदन. आक्काने बाळंतविडा शिवायला घेतलाय, आमच्याकडची कुंची आणि दुपटं. तुमच्याकडे कुंची चालते का असं विचारत होती. मी म्हटलं, थंडी सगळ्यांना सारखीच वाजते.

इकडे पाऊस बरा आहे. लिंबाला भाव बरा आहे. वॉकर घेऊन मी ओट्यापर्यंत जातो. मोराची जोडी रोज अंगणात येते. भिमाजीने टेम्पोला नवीन टायर टाकले. गणपती बसले. सगळं उत्तम.

झाड मजेत आहे. फार काही सांगण्यासारखं नाही.

सहज विचारतो, गावातल्या एकाकडे असंच झाड आहे. त्याचं बूड काळं पडून मऊ झालं आणि पानं लोळली, तर त्याने काय करावं?

रंगनाथ


केडगाव
२२ सप्टेंबर २०२४

प्रिय रंगनाथ,

मिरजगावात आफ्रिकन व्हायोलेट असलेला तो दुसरा गृहस्थ कोण, हे मी विचारणार नाही. बोर्डिंगात माझी चिक्की खाऊन "उंदीर आला होता" म्हणणारा तूच, आणि तेव्हाही तू आधी हवापाण्याबद्दल बोलायचास.

त्या गृहस्थाला सांग, बूड कुजलं म्हणजे पाणी जास्त झालं. सरळ उकिरड्यावर टाक म्हणावं आणि मन लावून घेऊ नको म्हणावं. साधं निळंच तर होतं. माझ्याकडे तशी नऊ आहेत, दिवाळीला दुसरं पाठवतो. त्याचा मित्र त्याच्यावर रागावलेला नाही.

इकडे आनंदीआनंद आहे. लाल ठिपक्याला कळ्या आल्या आहेत. सात आहेत, मी भिंगातून मोजल्या. सगळी खिडकीच कळ्यांनी भरली आहे. कुंड्या बदलल्याचा गुण. महिनाभरात उमलतील, मग पहिला बहर खुडून टाकायचा की झाड नाताळात आणि पुन्हा फेब्रुवारीत फुलतं, असं वहीत लिहिलंय. मी दिनदर्शिकेवर खुणा करून ठेवल्या आहेत.

दानीएल


केडगाव
१९ ऑक्टोबर २०२४, शनिवार

रंगनाथ,

हे पत्र भिमाजीच्या हातात देतो आहे. तो बाजार समितीत माल उतरवून थेट गावी निघतो. वाचल्याबरोबर उत्तर लिही आणि त्याच्याच हाती परत पाठव.

लाल ठिपक्याचं पहिलं फूल काल उमललं. निळं आहे. साधं, सपाट निळं. मला वाटलं, माझ्या डोळ्यांत काही झालं. बाहेर उजेडात नेऊन पाहिलं. निळंच. मग दुसरी कळी हाताने उघडली. निळी. आज सकाळपर्यंत माझ्या खिडकीतल्या दहाही झाडांना फूल आलेलं आहे, आणि दहाही निळी आहेत.

काल दुपारभर डोकं धरून बसलो, तेव्हा उलगडा झाला. जुलैत मी सगळी झाडं कुंड्यांतून काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडली. सगळ्या कुंड्या एकाच घमेल्यात धुतल्या. मग हाताला येईल त्या कुंडीत हाताला येईल ते झाड. लाल ठिपका कुंडीला होता रंगनाथ, झाडाला नव्हता. चाळीस वर्षं मी प्रत्येक पार्टवर नंबर ठोकला, डब्यावर कधीच नाही, आणि बायकोच्या एका झाडाला मी डब्यावरून ओळखत बसलो.

अकरातली दहा निळी निघाली. अकरावं मी बुटाच्या खोक्यात घालून तुला पाठवलं.

आणि मागच्या पत्रात मीच तुला लिहिलं, उकिरड्यावर टाक म्हणून.

खरं काय ते लिही. माझं मन राखायला काही लिहू नकोस.

दानीएल


मिरजगाव
२० ऑक्टोबर २०२४

दानी,

भिमाजीने काल पत्र दिलं. मी उत्तर सकाळी लिहितो म्हणून त्याला थांबवलं, कारण आधी तुझी जुनी पत्रं काढून वाचायची होती. आता नीट ऐक आणि शेवटपर्यंत वाच, मध्येच छातीवर हात ठेवून बसू नकोस.

गावातला दुसरा गृहस्थ मीच होतो, हे तुला माहीत आहे. पण तीन इंची कुंडी नव्हती. घर रंगवलं तेव्हाची वीस लिटरची बादली होती. तिच्यात शेतातली काळी माती, वर अर्धी पाटी शेणखत, मधोमध तुझं झाड आणि भोवती बोटाने केलेलं आळं. आळ्यात रोज तांब्याभर पाणी. लांबून पाहिलं तर बादलीत झाड आहे हे कळत नव्हतं, पण मला ते फार ऐसपैस वाटत होतं. पंधरा दिवस टवटवीत राहिलं. मग एकेक पान लोळायला लागलं, तसतसं मी जास्त पाणी आणि जास्त खत. तुला कळवायचं धाडस झालं नाही. सत्तरीला आलेला शेतकरी, सव्वातीनशे झाडं वाढवलेला, आणि एक वाटीभर रोप त्याच्या हाताने मेलं, हे कसं लिहू? म्हणून मोर आणि टायर लिहिले.

तुझं "टाकून दे" आलं त्या दिवशी मला सुटल्यासारखं झालं. आक्काला म्हटलं, बादली उकिरड्यावर पालथी कर. ती बादलीची वाटच बघत होती, तिला चुना कालवायला हवी होती. तिने बादली पालथी केली, झाड उचललं, आणि टाकायच्या ऐवजी तसंच घेऊन माझ्यासमोर आली.

म्हणाली, "ह्ये म्येलं न्हाई. बूड म्येलंय. शेंडा जित्ता हाय, बघा की."

मी म्हटलं, दानीने टाकायला सांगितलंय.

"त्येन्ला तिकडं बसून काय दिसतंय? आन् तुमी त्याला आगुदर खाऊ घालून मारलं. लई झालं तुमचं श्यानखत." असं म्हणून तिने विळ्याने काळं बूड तासत तासत वर नेलं. हिरवं लागेपर्यंत. शेवटी हातात काय राहिलं, तर मधला शेंडा आणि सहा पानं, रुपयाच्या नाण्याएवढं. ते तिने चहाच्या कपात ओली वाळू भरून खोचलं, वर काचेचा ग्लास पालथा घातला आणि कप देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवला. मला हात लावू देत नाही. मागच्या आठवड्यात तिने शेंडा जरा ओढून पाहिला. हलला नाही. मुळं धरली आहेत.

तर दानी, तुझं भिरभिरं जिवंत आहे. बोटभर आहे, पण आहे. शेंडा तोच, मूळ झाडाचा. तूच लिहिलं होतंस ना, पट्टे शेंड्यात राहतात म्हणून? काल तुझं ऑगस्टचं पत्र शोधून मी ते वाक्य आक्काला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, मग काय तर.

मला शिव्या घालायच्या असतील तर घाल. पण आधी सांग, आता काय करू? सगळं तुझ्या मिलिमीटरने करतो.

रंगनाथ


केडगाव
२१ ऑक्टोबर २०२४

प्रिय रंगनाथ,

तुझं पत्र भिमाजीने दारात दिलं. मी उभ्यानेच वाचलं. बादलीपाशी आलो तेव्हा खाली बसलो, आणि आक्कावहिनींच्या विळ्यापाशी आलो तेव्हा पुन्हा उठलो. शेजारच्या बाईंनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, शेंडा जिवंत आहे. त्यांना काय कळलं असेल कोण जाणे, पण माझ्या तोंडाकडे बघून त्याही हसल्या.

शिव्या कुणाला घालू? तू वीस लिटरने चुकलास, मी एका ठिपक्याने. शहाण्या त्या एकट्या वहिनीच.

झाड इकडे मागवणार नाही. या अवस्थेत प्रवास नको. सोबत कोकोपीट, कोळशाची चुरी आणि नॅन्सीची एक कुंडी पाठवतो आहे. मुळं बोटाच्या पेराएवढी झाली की शेंडा त्या कुंडीत बसवायचा, खालची पानं मातीला टेकतील इतका. पुन्हा लिहितो, पन्नास मिलिमीटरच्या कुंडीत. मुळांना भिंत लागली की मगच हे झाड फुलायचं मनावर घेतं. जागा दिली तर नुसतं मुळं वाढवत बसतं. लोकर त्याच स्वेटरची आहे, वात कर. आणि वहिनींना विचारल्याशिवाय हात लावू नकोस.

फेब्रुवारीला साडेतीन महिने आहेत. वहीप्रमाणे जमायला हवं. हन्नाला मी यातलं काही कळवलेलं नाही.

दानीएल


मिरजगाव
१२ जानेवारी २०२५

दानी,

कळी आली.

थांब, नीट लिहितो. नोव्हेंबरात कुंडी बदलली ते तुला कळवलंच होतं. आक्काने शेंडा धरला, मी चमच्याने माती भरली. दोन चमचे झाल्यावर ती म्हणाली बास, आणि माझा हात तिसऱ्या चमच्याला निघालेला तिने धरला. जन्मभर रोपाला जास्त द्यायला शिकलो, कमी द्यायला आता शिकतोय. थंडी वाढली तशी स्नेहलने तिच्या शिलाई मशीनवरचा दिवा कुंडीवर लावून दिला, दिवसाला दहा तास. तिने त्यासाठी शिवण बंद ठेवली आहे, ब्लाऊज मागायला येणाऱ्या बायकांना झाड दाखवून परत पाठवते. निम्म्या गावाने झाड पाहिलंय.

आज सकाळी मी दिव्याखाली वाकलो तर दोन पानांच्या बेचक्यातून देठ वर आलेला, टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढी कळी. मी हाक मारली. या वेळी स्नेहल पीठ घेऊन आली आणि तिने मला गुलालासारखं पीठ लावलं. आक्काने कुंडीवरून मीठ-मिरच्या ओवाळल्या. तुमच्यात चालत नसेल तर वाचलं नाही असं समज.

एकच कळी आहे. पण आहे.

रंगनाथ


केडगाव
१८ जानेवारी २०२५

रंगनाथ,

पत्र मिळालं. मला पंचवीस वर्षांचा झाल्यासारखं वाटतं आहे. आज मी चर्चमधल्या टेबलाची लांबी-रुंदी मोजून आलो, कुंडी कुठे ठेवायची ते पाळकसाहेबांना दाखवून आलो. ते म्हणाले, दानीएलराव, कुंडी केवढी? मी बोटांनी दाखवलं. ते म्हणाले, मग एवढं माप कशाला?

कळीचा रंग कळव. टोकाशी पांढरं दिसतं का? हन्ना मंडळी २८ तारखेला येत आहेत. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.

दानीएल


मिरजगाव
३१ जानेवारी २०२५

दानी,

रंग कळवायचं टाळत होतो, कारण सांगायला बरं नव्हतं. कळी निळी दिसते. गेले आठ दिवस आम्ही तिघं आळीपाळीने भिंग लावून बघतोय. मिटलेली आहे, आणि बाहेरून जेवढं दिसतं तेवढं जांभळट निळं. स्नेहल म्हणते, पट्टाच बाहेरून दिसत असेल. मी म्हणतो, खरंच असेल. पण आम्ही दोघंही एकमेकांकडे न बघता बोलतो. एवढा मार खाऊन उठलेलं झाड, त्याचे पट्टे मी त्या बादलीतच घालवले असतील, तर ते मला तुझ्या दारात उभं राहून बघवणार नाही, हे एक. दुसरं असं, की भिमाजीच्या टेम्पोत त्याच्याशेजारी एकच माणूस बसतो, आणि माझे दोन्ही हात वॉकरला. कुंडी धरायला दोन हात लागतात.

म्हणून आक्का येते आहे. उद्या दुपारी पोचेल. कुंडी लोकरीच्या टोपीत बसवली आहे, मांडीवर धरून आणेल. कुंची आणि दुपटं पिशवीत आहे. ती चर्चमध्ये कधी गेलेली नाही, कुठे बसायचं ते दाखव.

कळी अजून मिटलेलीच आहे. निळी निघाली तर हन्नाला सांग, की बाबांच्या एका मूर्ख मित्राची चूक. माझं नाव घे.

रंगनाथ


केडगाव
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय रंगनाथ,

फोनवर ओरडलोच होतो, पण मी काय बोललो आणि तुला काय पोचलं कोण जाणे, म्हणून क्रमाने लिहितो.

शनिवारी वहिनी आल्या. मी तुझं पत्र वाचलं आणि हन्नाला बसवून सगळं सांगून टाकलं, ठिपका, खोकं, बादली, विळा. तिने बराच वेळ कळीकडे पाहिलं. म्हणाली, "पप्पा, निळं निघालं तरी हे आईचंच झाड आहे ना?" मी हो म्हटलं, पण माझ्या तोंडावर काय होतं ते तिने पाहिलं असणार. रविवारी सकाळी चर्चला निघताना कळी जरा सैल झाली होती, बस.

वहिनींनी कुंडी टेबलावर ठेवू दिली नाही. म्हणाल्या, "तिथं वारं हाय, माज्यापाशी ऱ्हाऊ द्या." पहिल्या बाकावर हन्नाच्या शेजारी पदर डोक्यावरून घेऊन, कुंडी मांडीवर धरून बसल्या. मी मोजून ठेवलेलं टेबल रिकामंच राहिलं. वरच्या खिडकीतून ऊन येतं ना, ते सरकत सरकत त्यांच्या मांडीवर आलं. थेट ऊन नको म्हणून मी उठणार, तेवढ्यात पाळकसाहेबांनी बाळाला घेतलं. नाव उच्चारलं, नॅन्सी. पाणी डोक्यावर पडलं आणि पोरीने जो सूर लावला तो मलासुद्धा ऐकू आला. हन्नाने घेतलं, थांबेना. नोहाने घेतलं, थांबेना. तेव्हा वहिनी उठल्या, कुंडी तिच्या डोळ्यांसमोर धरली आणि म्हणाल्या, "ही बग, ही बग तुजी आजी."

बाळ गप्प झालं. बाळ बघत होतं म्हणून मीही बघितलं. ते उमललं होतं रंगनाथ. पाच पाकळ्या पांढऱ्याशुभ्र, आणि पाचींच्या मधोमध जांभळा पट्टा. एकही कमी नाही. हन्नाने माझा हात इतका घट्ट धरला की बोटं अजून दुखतात.

उपासना संपायची वाट मी पाहिली नाही. हन्नाचा फोन घेऊन बाहेर आलो आणि स्नेहलचा नंबर लावून घेतला. मला काही ऐकू येणार नव्हतं, तरी ओरडलो, पट्टे आहेत, पट्टे आहेत. किती वेळा ओरडलो माहीत नाही. चर्चमधून लोक बाहेर येऊन बघत होते. तू काय म्हणालास ते एक अक्षर कळलं नाही, ते मला लिहून पाठव.

झाड वहिनींबरोबर परत पाठवतो आहे. हन्नाचंही तेच म्हणणं. ज्या घराने वाचवलं तिथेच राहू दे. जुलैत कुंडी बदलायला मी येतो, चमचा आणि व्हर्निअर घेऊन. खूण म्हणून हन्ना नेलपॉलिश घेऊन आली होती. मी कुंडीला लावू दिलं नाही. खालच्या पानाच्या देठाला लाल लोकरीचा धागा सैल बांधलाय. आता कुठल्याही कुंडीत गेलं तरी खूण झाडाबरोबर जाईल.

तुझा,
दानीएल


मिरजगाव
६ फेब्रुवारी २०२५

दानी,

आक्का आणि झाड दोघं सुखरूप पोचली. फूल अजून टिकून आहे. निम्मं गाव पुन्हा येऊन गेलं.

फोनवर मी काय म्हणालो ते विचारलंस. काहीच म्हणालो नाही. स्नेहलने फोन कानाला लावून दिला, तुझं ओरडणं ऐकलं आणि मला रडू फुटलं. तू ठेवीपर्यंत मी नुसता रडत होतो. तुला ऐकू येत नाही हे किती बरं आहे.

जुलैत ये. बादली आक्काने चुन्याला घेतली आहे, काळजी नसावी.

तुझा,
रंगनाथ